शून्य घ्यायला शिकताना

कॅनोपी पायलटिंगच्या कोर्सवर, म्हणजे पाण्यावर आखलेल्या स्पर्धेच्या मार्गावर, मी पहिल्यांदा उतरले ती आकाशातून नाही, काठावरून चालत, कंबरभर पाण्यात. आमच्या कोचची तशी अटच होती. स्पर्धेत नाव द्यायचं असेल तर आधी एक अख्खी स्पर्धा मदतनीस म्हणून काढायची. काम म्हटलं तर साधं. कुणी धडकून आडवे केलेले गेटचे झेंडे परत उभे करायचे, पाण्यात पडलेल्या स्पर्धकाची भिजलेली कॅनोपी, म्हणजे पॅराशूटचं छत, गोळा करायची आणि पुढचा स्पर्धक यायच्या आत काठ गाठायचा.

बोलताना आम्ही सगळे याला स्वूपिंग म्हणतो. ज्यांनी कधी पाहिलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. विमानातून पाच हजार फुटांच्या आसपास उडी मारायची आणि लगेच पॅराशूट उघडायचं. ते नीट उघडलेलं असतं, सगळं आलबेल असतं, सरळ येऊन उतरता येतं. तसं न करता जमिनीजवळ येताना मुद्दाम गोल वळण घेत कॅनोपीला खाली झोकून द्यायचं. या डुबकीत वेग वाढतो. मग ठरलेल्या क्षणी कॅनोपी सपाट होते आणि तो सगळा वेग आडवा करून पायलट जमिनीला किंवा पाण्याला लगटून जातो. स्पर्धेत त्याने गेटमधून जायचं असतं. गेट १० मीटर रुंद, आणि आत शिरताना अंगाचा काही भाग १.५ मीटरच्या खाली हवाच. वर राहिलात तर सेन्सरला तुम्ही दिसत नाही.

वेगाच्या प्रकारात गेटपासून ७० मीटरचा वळणदार मार्ग कापायचा असतो. चांगले पायलट तो अडीच सेकंदांच्या आत कापतात, म्हणजे ताशी १०० किलोमीटरच्या वर सरासरी. अंतराच्या प्रकारात गेटनंतर जितकं लांब जाता येईल तितकं जायचं. २०० मीटरच्या पलीकडे गेलेले लोक आहेत. अचूकतेच्या प्रकारात पाण्यावरच्या गेटांमधून पायाची बोटं पाण्याला लावत जायचं आणि पलीकडे आखलेल्या चौकोनांपैकी मधल्या चौकोनात उतरायचं. चौथा प्रकार फ्रीस्टाइल, प्रेक्षकांचा सगळ्यात लाडका. खेळ तसा तरुण. त्याची पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धा २००६ मध्ये ऑस्ट्रियात झाली आणि २००९ च्या काओशुंगच्या वर्ल्ड गेम्समध्ये तो होता.

आता गुणांची पद्धत, कारण पुढचं सगळं तिच्याभोवती फिरतं. प्रत्येक फेरीत जो सर्वोत्तम त्याला १०० गुण, बाकीच्यांना त्याच्या प्रमाणात. थोडं कमी पडलं तर थोडे गुण कमी, इतकं सरळ. पण गेट चुकलं तर त्या फेरीचं शून्य. गेटवरून एक हातभर उंच गेलात तरी शून्य, आणि कोर्सकडे न येता बाजूच्या मोकळ्या गवतावर सुखरूप उतरलात तरी शून्यच. मोजक्या फेऱ्यांत एक शून्य पडलं की पदकाचं विसरा.

पाण्यात उभं राहून पहिल्यांदा जे जाणवतं ते म्हणजे आवाज. वरून येणारी कॅनोपी आधी दिसते, बऱ्यापैकी उंचावर, छोटी, जरा तिरकी. मग ती गर्रकन फिरते, माणूस तिच्या खालून बाहेर फेकला जातो, जवळजवळ तिच्या उंचीला येतो, आणि जाड कापड टराटरा फाडल्यासारखा आवाज वाढत वाढत थेट अंगावर येतो. मान वळवेपर्यंत तो पुढे निघून गेलेला असतो आणि पाण्यावर बुटाच्या टोकाची एक पांढरी रेघ उरते. व्हिडिओत हे सगळं डौलदार दिसतं. खालून बघताना त्यात डौल कमी आणि धाक जास्त.

या कॅनोपींचा आकार ऐकून नवख्यांचा विश्वास बसत नाही. सामानासकट २०० पौंड भरणारा माणूस शिकताना साधारण दोनशे चौरस फुटांच्या कॅनोपीखाली असतो, म्हणजे चौरस फुटामागे एक पौंड. तोच माणूस स्पर्धेत ८० चौरस फुटांची कॅनोपी वापरतो. भार अडीच पट. वर काही जण कमरेला शिशाचा पट्टाही बांधतात, कारण भार जास्त तर वेग जास्त. वेलॉसिटी, पेट्रा, पेरेग्रिन अशी नावं या वर्तुळात गाड्यांच्या मॉडेलसारखी घेतली जातात. आणि छोटी कॅनोपी नुसती वेगवान नसते. डुबकीतून आपणहून सपाट व्हायला तिला खूप जास्त उंची लागते. मोठ्या कॅनोपीची सवय असलेला माणूस तिच्यावर बसला की त्याचा अंदाज नेमका इथे चुकतो. त्याच्या डोळ्यांना जी उंची पुरेशी वाटते, ती पुरेशी नसते.

तीन रिंगांनी मुख्य पॅराशूट सोडून देण्याची जी पद्धत आज बहुतेक प्रत्येक हार्नेसवर दिसते ती शोधणारे बिल बूथ यांचा एक नियम आमच्यात सतत सांगितला जातो. साधनं जितकी सुरक्षित होतील तितके धोके लोक वाढवत नेतील आणि मरणाऱ्यांचा आकडा आहे तिथेच राहील, असा त्याचा आशय. उपहासाने सांगितलेला नियम आहे, पण स्कायडायव्हिंगमधले कितीतरी मृत्यू आणि मोठे अपघात पूर्ण उघडलेल्या, कसलाही दोष नसलेल्या पॅराशूटखाली होतात, हे खरंच आहे.

माझं शिक्षण सुरू झालं तेव्हा बरेच दिवस वळणाचं नावही नव्हतं. उंचावर, जमिनीपासून खूप दूर, कॅनोपी स्टॉल करायची, म्हणजे तिची उचल मुद्दाम मोडायची. आधी टॉगलने, म्हणजे ब्रेकच्या मुठींनी, मग मागच्या रायझरने, म्हणजे हार्नेसला दोऱ्यांशी जोडणाऱ्या पट्ट्यांनी. मागचे रायझर कुठपर्यंत ओढले की पंख हवा सोडून देतो हे हातांना पाठ व्हावं लागतं, कारण सपाट होताना पायलट बहुतेक वेळा त्यांचाच आधार घेतो. रायझरने कॅनोपीचा आकार फारसा मोडत नाही, वेग टिकतो. पण हद्द ओलांडली की ती हळूहळू नाही, एकदम सोडते, आणि जमिनीपासून दोन मीटरवर एकदम सोडणं म्हणजे पाठीवर आपटणं. टॉगल वेग खातात, पण जास्त उचलतात. म्हणून नियम असा की हात रायझरवर असले तरी टॉगल मुठीतच हवेत. एका मुठीत दोन गोष्टी धरायची ही सवय लागेपर्यंत माझी बोटं रात्री ठणकायची.

मग ९० अंश. नुसतं पाव वळण, तेही निवांत. प्रत्येक उडीनंतर हेल्मेटवरच्या जीपीएसची नोंद लॅपटॉपवर लावायची. फ्लायसाइट नावाचं ते छोटं यंत्र वळण कुठे सुरू झालं, किती फूट गेले, उभा वेग किती, सगळं बिनबोभाट दाखवतं. आपल्याला वाटतं आपण रोज एकाच उंचीवर वळतो. आलेख पाहिला की कळतं, शंभर फुटांचा फरक सहज असतो. कोच वळणाच्या सौंदर्याबद्दल एक अक्षर बोलायच्या नाहीत. त्या फक्त तो फरक बघायच्या. तो आटोक्यात येईपर्यंत १८० चं नाव नाही, मग २७० तर सोडाच.

उन्हाचा हिशेबही तिथेच शिकले. हवा तापली की विरळ होते. त्याच वळणात कॅनोपी जास्त उंची खाते. सकाळी गारव्यात जी उंची बरोबर बसते ती दुपारी कमी पडते. समुद्रसपाटीपासून उंचावर असलेल्या मैदानांवर तर हा फरक सकाळपासूनच असतो. अल्टिमीटर हे सांगत नाही, तो आपला आकडा दाखवून मोकळा होतो. ही बेरीज ज्याची त्याने करायची.

सामानातही असे काही कोपरे आहेत. बेशुद्ध पडलेल्या माणसाचं राखीव पॅराशूट आपोआप उघडणारं यंत्र आम्ही सगळे वापरतो. त्यातल्या सायप्रेस नावाच्या यंत्राचं नेहमीचं मॉडेल सुमारे २२५ मीटरच्या खाली कुणी सेकंदाला ३५ मीटरपेक्षा जास्त वेगाने पडत असेल तर उघडतं. मोठ्या वळणात चांगल्या उघड्या कॅनोपीखालीही हा वेग गाठता येतो. म्हणजे सगळं सुरळीत चाललेलं असताना जमिनीजवळ पाठीवरून दुसरं पॅराशूट बाहेर यायचं. यासाठी स्वूपरांचं वेगळं मॉडेल आहे, ते सेकंदाला ४३ मीटरच्या वर वेग गेला तरच उघडतं आणि शेवटच्या १०० मीटरमध्ये गप्प बसतं. कोचनी माझ्या रिगवर, म्हणजे पाठीवरच्या पॅराशूटच्या संचावर, हात ठेवला तो आधी या यंत्राचं लेबल वाचायला.

पण ज्या सरावाबद्दल मला लिहायचंय तो वेगळाच होता. कोच विमानात चढण्याआधी सांगायच्या, "आजच्या या उडीत सोडून द्यायचं." म्हणजे सगळं जमून आलं असलं, वारा छान असला, गेट समोर आ वासून उभं असलं, तरी वळायचं नाही. सेट-अपच्या जागी, म्हणजे जिथून वळण सुरू करायचं तिथे, पोचायचं, बघायचं, आणि सरळ बाजूच्या पट्ट्यात जाऊन साधं लँडिंग करायचं. कधी म्हणायच्या, "वळण सुरू कर आणि अर्ध्यात थांबव." त्यासाठी अर्ध्या वळणाच्या दिशेलाही मोकळी जमीन आहे ना हे आधी पाहून ठेवावं लागायचं. मी एकदा वैतागून विचारलं, "मॅडम, उडीचे पैसे भरायचे आणि काहीच करायचं नाही, हा कसला सराव?" त्या म्हणाल्या, "अगं, हेच तुला येत नाहीये. वळता सगळ्यांनाच येतं."

खरंच येत नव्हतं. चांगली चाललेली गोष्ट हातातून सोडायला शरीर तयारच होत नाही. डोळा गेटला चिकटतो. जिथे बघतो तिथेच आपण जातो, हे स्वूपिंगमध्ये अक्षरशः खरं आहे. गेटकडे टक लावून बसलेला पायलट बाजूचं मोकळं गवत पाहूच शकत नाही. शिवाय सोडण्यालाही वेळ असते. वळणाच्या आधी सोडणं सोपं. पहिल्या ९० अंशांत सोडणंही जमतं. पण साडेचारशे-सहाशे अंशांच्या वळणात उशिरा सोडलं तर तुम्ही खाली, वेगात आणि तोंड भलतीकडे, अशी गत होते. तेव्हा सोडणं हाच अपघात ठरू शकतो. त्यामुळे निर्णय वर घ्यायचा असतो, जिथे अजून काहीच घडलेलं नसतं आणि म्हणूनच घ्यावासा वाटत नाही.

पुढच्या हंगामात मी धाकट्या गटात स्पर्धक होते. लहान स्पर्धांत माणसं कमी असतात, त्यामुळे एक गट उडत असताना दुसऱ्या गटातले कोर्सवर उभे राहतात. वरच्या गटाची वेगाची फेरी चालू होती आणि मी दुसऱ्या झेंड्यापाशी पाण्यात होते. दुपार झाली होती. आमच्याबरोबर शिकलेला, माझ्यापेक्षा कितीतरी अनुभवी असा एक जण वळला. सकाळच्या फेरीत तो गेटवरून थोडा उंच गेला होता. शून्य.

वळण सुरू झालं तेव्हाच माझ्या शेजारचा मदतनीस "खाली आहे, खाली आहे" असं पुटपुटायला लागला. मला ते दिसलं नव्हतं. मला दिसलं ते शेवटचं: कॅनोपी सपाट व्हायच्या बेतात होती, पण झाली नव्हती, आणि गेटच्या बरंच अलीकडे पाय पाण्याला लागले. तरंगत लागले नाहीत, रुतले. तो पुढच्या बाजूला पलटी खाल्ला, एकदा पाण्यावरून उसळला आणि दुसऱ्यांदा आपटला तो गेटच्या आत. कॅनोपी त्याच्या पुढे जाऊन पडली.

पाणी मऊ असतं हा गैरसमज तळ्याकाठी उभ्या असलेल्या कुणाचाच टिकत नाही. तिरकं, चपटं लागलात तर ते सांभाळून घेतं, ओली पाठ आणि चार चेष्टा यावर निभावतं. म्हणूनच कोर्स पाण्यावर आखतात. पण या वेगात उभे घुसलात तर एक मीटर पाण्याखाली तळ आहेच. आणि पाय खोल गेला तर पाणी तो सोडत नाही, बाकीचं अंग पुढे निघालेलं असतं.

आधी चेहरा. तो पालथा होता आणि हेल्मेटची काच बंद होती. शेजारच्याने दोन्ही हातांत त्याचं डोकं आणि मान एका रेषेत धरून त्याला हळू उताणा केला, काच वर केली. मी शिशाचा पट्टा शोधला. तो कमरेला असतो, बक्कल समोर, पण जंपसूटच्या ओल्या घडीत बोटांना ते सापडेना. सापडलं तेव्हा पट्टा सुटून तळाशी गेला आणि त्याला धरून ठेवणं एकदम हलकं झालं. तेवढ्यात वारा कॅनोपीत शिरायला लागला. ओली कॅनोपीसुद्धा फुगते आणि माणसाला ओढत नेते. तिसऱ्याने तिच्या मागच्या कडेवर लोळणच घेतली. आता तिला हार्नेसपासून सोडवायचं, तर मुख्य कॅनोपी सोडणारं लाल हँडल थेट ओढून चालत नाही. मुख्य कॅनोपी सुटताच राखीव पॅराशूटची पिन ओढणारा एक पट्टा तिला जोडलेला असू शकतो, आणि मग जखमी माणसाच्या पाठीतून राखीव ओढून काढणारं स्प्रिंगवालं छोटं पायलट शूट उसळून बाहेर येतं. आधी तो पट्टा सोडवायचा, मग हँडल. हे मी जमिनीवर कोरड्या हातांनी शिकले होते. पाण्यात कडी उघडायला दोन्ही हात लागले.

तो शुद्धीवर होता. "मी ठीक आहे, मला उभं राहू द्या," हे त्याचं पहिलं वाक्य. सगळे हेच म्हणतात. अंगात तेव्हा इतकं काही उसळत असतं की दुखणं पोचायला वेळ लागतो. त्याची उजवी मांडी मध्येच जरा वाकडी होती, जिथे सांधा नसतो तिथे. मांडीच्या हाडाच्या मोडीत बाहेर थेंब न दिसता आत लिटरभर रक्त जाऊ शकतं. त्यामुळे त्याला उभा करणं सोडाच, आम्ही त्याला हलवलंही नाही. हेल्मेट काढलं नाही, पायांचे पट्टे सोडले नाहीत. पाणी त्याला तोलून धरत होतं, ते तसंच राहू दिलं, आणि वैद्यकीय पथक पाठीखाली सरकवायचा बोर्ड घेऊन आल्यावर त्यांच्या हवाली केला. त्यांनी विचारलेला पहिला प्रश्न होता, पायाची बोटं हलतायत का. हलत होती.

संध्याकाळी आम्ही त्याच्या उडीची चिरफाड केली. त्यानेच दवाखान्यातून निरोप पाठवला होता की यंत्रातली नोंद काढा आणि सगळ्यांना दाखवा. मांडीत सळई घालायच्या शस्त्रक्रियेची वाट बघत असलेल्या माणसाने असं म्हणावं, याचं मला आजही कौतुक आहे.

बहुतेकांचं मत आधीच ठरलेलं होतं: शेवटी हात उशिरा हलले. व्हिडिओतही तेच दिसतं. अगदी पाण्याला लागेपर्यंत त्याच्या मुठी मागच्या रायझरवर आहेत, टॉगलवर तो येतो ते शेवटच्या काही फुटांत. टॉगल आधी ओढले असते तर कदाचित ओलं होऊन उठला असता. पण कोचनी व्हिडिओ बंद केला आणि आलेख लावला, उलट्या दिशेने, शेवटापासून सुरुवातीकडे. वरचा वारा दुपारी बदलला होता. सेट-अपच्या जागी तो पोचला तेव्हा त्याच्या नेहमीच्या उंचीवर होता, पण गेटपासून नेहमीपेक्षा लांब. तिथून वळला असता तर गेटच्या अलीकडेच सपाट झाला असता आणि पोचताना वेग उरला नसता. म्हणून तो थांबला. दोनच सेकंद, सरळ गेटकडे सरकत. त्या दोन सेकंदांत पन्नास-साठ फूट गेले. वर दुपारची हवा. सकाळच्या आलेखाशी ताडून पाहिलं तर त्याच वळणाने दुपारी जास्त उंची खाल्ली होती. कमी उंचीवरून सुरुवात आणि जास्त उंचीची गरज, दोन्ही एकाच उडीत.

"त्याच्याकडे त्या दोन सेकंदांच्या आधी काय पर्याय होता?" कोचनी विचारलं.

सगळे गप्प. पर्याय उघडच होता. बाजूचं गवत.

"मग त्याने तो का नाही घेतला?"

कुणीतरी म्हणालं, कारण मग शून्य. दुसरं.

माझं मत तेव्हापासून पक्कं झालंय. हा अपघात पाण्यापाशी झाला नाही आणि वळणातही झाला नाही. सकाळी पहिलं शून्य पडल्यावर दुपारच्या फेरीत आता काही झालं तरी गेट घ्यायचंच असं ज्या क्षणी त्याने मनाशी धरलं, त्याच क्षणी वरचा निर्णय त्याच्या हातातून गेला. पुढचं सगळं, हात, रायझर, टॉगल, हे फक्त किती लागेल एवढंच ठरवणार होतं. हे त्याला दोष देण्यासाठी म्हणत नाही. ही घसरगुंडी खेळाच्या गुणपद्धतीतच आहे. जो शहाणपणाने सोडून देतो त्याला आणि जो गेट चुकवतो त्याला एकच आकडा मिळतो. पंचांशी यावर वाद घालून पाहिला. त्यांचंही खोटं नाही: सोडून दिल्याचे गुण द्यायला लागलो तर गेटच्या खाली जाण्याला किंमतच काय उरली?

अपघाताच्या दिवशी फेरी थांबली होती, पण रद्द झाली नव्हती. वारा मर्यादेत होता. वरचा गट संपला आणि आमचा गट चढला. विमानात कुणी फार बोललं नाही. मी सेट-अपच्या जागी पोचले आणि गेट लांब होतं, तेच लांब जे नंतर त्याच्या आलेखावर पाहिलं. वळले नाही. मोकळ्या पट्ट्यात उतरले, कॅनोपी खांद्यावर टाकून कोर्सच्या बाजूने चालत आले. फलकावर माझ्या नावापुढे शून्य लागलं. कोचनी एकच विचारलं, "कुठे ठरवलंस?" मी उंची सांगितली. त्यांनी वहीत लिहिली. "अजून शंभर फूट वर ठरवायचं," म्हणाल्या.

त्यानंतर आमच्या गटाने आपल्यापुरते काही नियम केले. शून्य पडलेल्या माणसाने लगेच पुढच्या विमानात चढायचं नाही. एक खेप गाळायची, वेळापत्रकात बसत नसेल तर निदान सेट-अपची जागा आणि त्या वेळची हवा याबद्दल दुसऱ्या कुणाशी बोलल्याशिवाय हार्नेस घालायचा नाही. दुपारी सकाळचा आकडा वापरायचा नाही. सरावाच्या दिवशी गटातल्या प्रत्येकाने एक उडी सोडून द्यायची, आणि कोणती ते दुसऱ्याने ठरवायचं. साध्या लँडिंगवाल्यांच्या पट्ट्यात स्वूप करायचा नाही हा नियम तर बहुतेक ठिकाणी आधीपासून आहे, कारण दोन वेगळ्या वेगांच्या कॅनोपी एका हवेत आल्या की टक्कर होऊ शकते आणि ती जिवावर बेतते. तरी मोकळ्या दिवशी लोक तो वाकवतात. आम्ही वाकवायचा नाही असं ठरवलं. हे सगळं पाळलं जातं का? बहुतेक. ऊन चांगलं असलं आणि विमान भराभर फिरत असलं की गाळलेली खेप फार लांब वाटते, आणि कुणी ना कुणी हट्टाला पेटतोच.

तो आता कुबड्यांशिवाय चालतो. हाड जुळायला महिने गेले, सळई आतच आहे, आणि पायऱ्या उतरताना तो अजून कठड्याला हात लावतो. परत उडायचं हे त्याने दवाखान्यातच जाहीर केलं होतं. घरचे त्याच्याशी यावर बोलत नाहीत, त्याच्या मते ही मूक संमती आहे. प्रश्न आहे तो कोणत्या कॅनोपीवर परत यायचं याचा. कोच म्हणतात १३५ चौरस फूट, वळण नाही, आधी नुसती साधी लँडिंग. त्याला ९६ वर यायचंय. १३५ वर बसलो तर लोक हसतील, असं तो म्हणतो. कोच म्हणतात, हसू देत, सोडून द्यायला १३५ बरी पडते. परवा फोनवर तो ११० पर्यंत आला. कोच तसूभर हललेल्या नाहीत.